देव कॅपिटल का स्मॉल?

गेल्या श्रावणातली गोष्ट. पनवेलच्या तक्क्यातल्या माझ्या घरी संध्याकाळी सहा वाजता चार जणं इंग्रजी लिहायला बसतात. एक रिक्षावाले, एक दवाखान्यातल्या मावशी, मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून येणारी एक गृहिणी आणि बावीस वर्षांची एक मुलगी. नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यांतल्या एका गावची ही मुलगी आता वडघरला राहते. तिला विमानतळावर नोकरीसाठी अर्ज करायचा होता. मुलाखतीच्या आधी स्वतःबद्दल आणि गावाबद्दल दहा ओळी इंग्रजीत लिहून घेतात, असं तिला कुणी सांगितलं होतं. म्हणून मी तिला त्याच दहा ओळी लिहायला बसवलं.

सहावी ओळ गावच्या देवाबद्दल होती. आमच्या गावाचा देव आम्हाला भरतीच्या पाण्यापासून राखतो, असं तिला म्हणायचं होतं. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण म्हणणं स्पष्ट होतं. 'गॉड' शब्दापाशी पेन्सिल थांबली. तिनं मान वर करून विचारलं, "बाई, देव कॅपिटल का स्मॉल?"

पस्तीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. या प्रश्नाचं उत्तर मला झोपेतही देता आलं असतं. तसंच दिलं. एकच एक देव असं मानून त्याचं नाव म्हणून शब्द आला तर पहिलं अक्षर कॅपिटल. अनेक देवांतला एक, कुठल्या गावाचा, कुठल्या डोंगराचा, असं म्हणायचं असेल तर ते सामान्यनाम, म्हणून स्मॉल. "तुझ्या वाक्यात 'आमच्या गावाचा' असं आहे ना, म्हणजे स्मॉल."

तिनं स्मॉल जी काढला. मग वहीकडे बघतच म्हणाली, "म्हणजे चर्चमधला कॅपिटल आणि आमचा स्मॉल."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाढा पाठ करावा तसा तिनं नियम स्वतःला सांगून घेतला. मला मात्र पुढचा तास धड शिकवता आला नाही. नियम बरोबर होता, मी तो बरोबर सांगितला होता. तरी एका मुलीच्या देवाला तिच्याच हातानं मी खाली बसवलं, असं मला वाटत राहिलं. ज्या गावात तो देव होता तिथं आता कुंपण आहे. उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, घरं गेली. देव तेवढा माणसांबरोबर वडघरला आला. आणि इथं येऊन तो सामान्यनाम झाला.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तो व्याकरणाचा आहे असं मला आता वाटत नाही.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत सुरू झालं. चौरेघी वही, आणि चार लिप्या. पहिली लिपी म्हणजे छापील मोठी, दुसरी छापील लहान, तिसरी-चौथी हाताच्या वळणाची. एकाच अक्षराला चार रूपं असतात याचं आम्हाला नवल वाटायचं, कारण आमचा 'क' जन्मभर 'क'च होता. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, मुलं लवकर सरावली, पण एक चूक पन्नास वर्षांत बदललेली मी पाहिली नाही. वाक्य सुरू करताना मुलं कॅपिटल विसरतात, मुंबई, सोमवार, स्वतःचं नावसुद्धा स्मॉलमध्ये लिहितात, आणि मध्येच कुठंतरी 'के' किंवा 'एस' उगाच मोठा काढतात. हा आळस नाही. मराठी माणसाच्या डोळ्याला अक्षराच्या उंचीत अर्थ असतो हे ठाऊकच नसतं. उंची दाखवायची आमची जागा वेगळी आहे.

ती जागा क्रियापदात आहे. 'गुरुजी आले' आणि 'शिपाई आला' यांत अक्षरं सगळी एका उंचीची. मान दिला तो शेवटच्या एका मात्रेनं. आणि गंमत नव्हे, मोठीच गोष्ट अशी की हा मान आम्ही देवाला देत नाही. वडिलांना 'तुम्ही', साहेबांना 'आपण', आणि विठोबाला 'तू'. आईला 'तू' तसाच देवाला 'तू'. ज्याच्यापुढं सगळं उघडं टाकायचं त्याला अनेकवचनाच्या अंतरावर ठेवून चालत नाही, हे आमच्या भाषेनं फार आधी ठरवून टाकलं. इंग्रजीत पुष्कळ लोक देवासाठी आलेलं 'ही' हे सर्वनामही कॅपिटल एचनं लिहितात. तो त्यांचा आदर आहे आणि मला तो आवडतो. पण १६११ साली छापलेल्या त्यांच्या प्रसिद्ध किंग जेम्स बायबलमध्ये हे कॅपिटल सर्वनाम नाही. म्हणजे ही रीत देवानं घालून दिलेली नाही. माणसांनी मागाहून, प्रेमानं, सुरू केलेली आहे.

इथं मला एक चूक कबूल करायची आहे. इंग्रजीत 'मी' म्हणजे 'आय' वाक्यात कुठंही आला तरी कॅपिटल लागतो. माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते, मोडी उत्तम वाचायचे. मी पाचवीत हा नियम घोकत होते तेव्हा ते म्हणाले, "इंग्रजाचा मी बघ कसा ताठ उभा असतो. आपला मी क्रियापदात विरघळतो. 'येतो' म्हटलं की झालं, 'मी' म्हणावंही लागत नाही." मला ते इतकं पटलं की पुढं शिक्षिका झाल्यावर हेच मी वर्गात सांगत आले. अहंकारावर दोन शब्द, दासबोधातल्या मीपणाच्या विचाराचा उल्लेख, मुलं गप्प होऊन ऐकायची. वीस-बावीस वर्षं मी हे केलं.

मग एका सुट्टीत इंग्रजी भाषेच्या इतिहासाचं एक पुस्तक हाती आलं. जुन्या इंग्रजीत 'मी'साठी 'इच्' असा शब्द होता. बोलता बोलता त्याचा शेवट गळत गेला आणि नुसतं एक अक्षर उरलं. हातानं लिहिलेल्या पोथीत ती एकटी बारीक काडी नजरेतून सुटायची, शेजारच्या शब्दाला चिकटायची. वाचणाऱ्याला ती दिसावी म्हणून लेखनिकांनी तिला उंच केलं. एवढंच. फ्रेंच माणूस आपला 'मी' लहानच लिहितो, इटालियनही. जर्मन माणूस 'मी' लहान लिहितो आणि समोरच्याला आदरानं संबोधताना 'आपण' मोठा लिहितो. माझ्या वडिलांना ज्यात गर्व दिसला, ती मुळात वाचणाऱ्यावर केलेली दया होती. निवृत्तीच्या आदल्या वर्षी दहावीच्या वर्गात मी हे दुरुस्त करून सांगितलं. आधीच्या तुकड्यांना सांगायचं राहून गेलं, ते मला अजून टोचतं. एका अख्ख्या समाजाच्या मनाबद्दल मी एका अक्षराच्या उंचीवरून निकाल दिला होता, आणि तो मुलांच्या मनात रुजवला होता.

त्यामुळे आता 'गॉड'च्या बाबतीत मला घाई करायची नव्हती. कॅपिटल अक्षर करतं काय, हे आधी नीट समजून घ्यावंसं वाटलं.

वर्गात मी एक उदाहरण नेहमी देते. फळ्यावर लिहिते, 'घरात शांती नाही.' मग विचारते, काय झालं? अर्धा वर्ग म्हणतो, भांडण झालं. अर्धा म्हणतो, शांती बाजारात गेली. देवनागरीत दोन्ही खरं आहे. इंग्रजीत पहिलं अक्षर सांगून टाकतं की ही मुलगी आहे की मनाची स्थिती. आशा, श्रद्धा, मुक्ती, करुणा, आमच्या घराघरांत ही नावं आहेत, आणि प्रत्येक नावात एक माणूस आणि एक कल्पना एकत्र राहतात. कॅपिटल अक्षर त्यांची वाटणी करतं.

या वाटणीवर आपल्याकडं फार जुना वाद आहे. 'गाय' म्हटल्यावर त्या शब्दाचा अर्थ कोण? दारात उभी असलेली ही गाय, की सगळ्या गायींत असलेलं गायपण? मीमांसकांनी जातीकडं, म्हणजे गायपणाकडं कौल दिला. व्याकरणकारांत व्याडीनं ही एक वस्तू धरली, वाजप्यायनानं आकृती धरली, आणि पतंजलीनं महाभाष्यात दोघांची मतं नोंदवून ठेवली. न्यायसूत्रांत गौतमानं व्यक्ती, आकृती आणि जाती, तिन्हींना अर्थात जागा दिली. मला गौतमाचं म्हणणं जवळचं वाटतं. माझ्या विद्यार्थिनीनं 'देव' म्हटलं तेव्हा तिच्या मनात शेंदूर लावलेली ती एक मूर्ती होती, आजी नारळ फोडायची ती जागा होती, आणि ज्याच्या हाती सगळं आहे तो एकही होता. हे तिघं तिनं वेगळे केलेले नव्हते. मराठीत तिला ते वेगळे करावे लागतही नाहीत. 'देवाची इच्छा' म्हणताना आमच्या बाया कुठल्या देवाची ते सांगत नाहीत, आणि त्यांना कुणी विचारतही नाही. वारकऱ्याचा एक देव आणि गावकुसावरचे पन्नास देव या एकाच दोन अक्षरांत शतकानुशतकं भांडण न करता नांदले. मी तिला नियम सांगितला म्हणजे त्यांची फाळणी करायला सांगितलं.

यावर कुणी म्हणेल, ही अडचण आपल्याच लिपीची. तसं नाही. माझ्या शाळेत हस्तकला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी. पनवेलचं बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचं. त्यांच्या घरी जुनी माणसं त्याला 'मशीद'च म्हणायची. एकदा त्यांनी मला आत नेलं. पवित्र कपाटापुढं उभं राहून त्यांनी मला तोराच्या गुंडाळीबद्दल सांगितलं. ती हातानंच लिहायची. त्यात व्यंजनंच असतात, स्वरखुणा नसतात, स्वल्पविराम-पूर्णविराम नसतात. वाचणाऱ्यानं खुणा असलेल्या दुसऱ्या पुस्तकावरून आधी तयारी करून यायचं. एक अक्षर जरी चुकलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचायला चालत नाही. इतकी काटेकोर माणसं, आणि चिन्ह एक नाही. मी विचारलं, देवाचं नाव मोठ्या अक्षरानं लिहिता का? त्या म्हणाल्या, "हिब्रूत मोठं-लहान नाहीच. तुमच्यासारखंच. ते चार अक्षरांचं नाव आम्ही लिहितो, पण तोंडानं घेत नाही. तिथं आलं की दुसरा शब्द म्हणायचा." पुढं मला वाचनात आलं की इंग्रजीत लिहिताना काही यहुदी लोक 'गॉड' शब्द पुरा लिहीत नाहीत, जी आणि डी यांच्यामध्ये एक आडवी रेघ ओढतात. शाळेत आम्ही ज्याला संयोगचिन्ह म्हणतो, दोन शब्द जोडणारं, ते तिथं एक अक्षर झाकून ठेवतं. आदरासाठी अक्षर उंच करता येतं आणि आदरासाठी ते लपवताही येतं.

त्या बाई पुढं मुलाकडं इस्राएलला गेल्या. या कोकणातले बेने इस्राएल कित्येक पिढ्या हिब्रू विसरले होते, पण शनिवार पाळत होते, तेलाचे घाणे त्या दिवशी बंद ठेवत होते म्हणून शनवार तेली म्हणवले गेले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. देवाची भाषा या लोकांनी मराठीच्या वाटेनं परत शिकली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि बेथ एल उभं राहिल्यानंतर एकाच वर्षानं, १८५० मध्ये, मेजर थॉमस कँडी यांचं 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक आलं. मोल्सवर्थच्या शब्दकोशाच्या कामात ज्यांचा हात होता तेच हे कँडी. मराठीत आज आपण जी चिन्हं जन्मापासूनची असल्यासारखी वापरतो ती या इंग्रज माणसानं रुजवली. त्याआधीच्या पोथ्या पाहा. शब्दाला शब्द लागून ओळ भरत जाते, ओवी संपली की दंड, बाकी काही नाही. मोडीत तर आधी रेघ आखायची आणि तिला अक्षरं लटकवत लेखणी शक्यतो न उचलता जायचं. वडील एखादं खरेदीखत वाचताना प्रथम मनात पूर्ण वाचायचे, मग मोठ्यानं. मी विचारलं तर म्हणायचे, "कुठं थांबायचं ते कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

पण आमच्याकडं खूण नव्हती असंही नाही. पत्राच्या आरंभी 'श्री', हे आमचं कॅपिटल अक्षर. आणि पत्राच्या शेवटी लहानसा शिक्का. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर 'मर्यादेयं विराजते' असा असायचा, पेशवाईत 'लेखनसीमा' किंवा 'मोर्तब सूद'. मजकूर इथं संपला, याच्याखाली कुणी एक अक्षर वाढवलं तर ते माझं नव्हे, असा त्या शिक्क्याचा अर्थ. वडिलांनी मला एका जुन्या कागदावर तो दाखवला तेव्हा मी नववीत होते. पूर्णविराम म्हणजे ठिपका एवढंच तोवर मला माहीत होतं. पूर्णविराम म्हणजे लिहिणाऱ्यानं अंगावर घेतलेली जबाबदारी, हे मला त्या शिक्क्यानं शिकवलं.

चिन्ह नसेल तर अर्थ लावण्याचं ओझं वाचणाऱ्यावर असतं. चिन्ह दिलं की ते लिहिणाऱ्यावर येतं. धर्मग्रंथांच्या बाबतीत हे ओझं किती जड असतं ते मोहल्ल्यातल्या एका मैत्रिणीनं मला दाखवलं. ती लहान मुलांना कुराण पढवते. तिच्या प्रतीत ओळींच्या वर बारीक अक्षरं होती. मीम असेल तिथं थांबलंच पाहिजे, ला असेल तिथं थांबायचं नाही. मुलांना ती आधी श्वास मोजायला शिकवते. "कलमा पढताना पहिल्या दोन शब्दांवर दम सोडला," ती म्हणाली, "तर 'कुणी देव नाही' एवढंच राहील ना, बाई. अल्लाहचं नाव पुढं आहे. तिथवर दम पुरला पाहिजे." श्रद्धा आणि नकार यांच्यामध्ये एका श्वासाचं अंतर आहे, हे मी कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

ख्रिस्ती लोकांतही असंच एक वाक्य आहे. लूकच्या शुभवर्तमानात, तेविसाव्या अध्यायात, येशू शेजारच्या क्रूसावरच्या गुन्हेगाराला स्वर्गाचं आश्वासन देतो, आणि त्यात 'आज' हा शब्द आहे. स्वल्पविराम 'आज'च्या आधी दिला तर तो माणूस आजच स्वर्गात जातो. नंतर दिला तर येशू आज वचन देतो, जाणं पुढं केव्हातरी. मूळ ग्रीक हस्तलिखितांत स्वल्पविराम नव्हता. मेलेला माणूस पुढं कुठं असतो, एवढा मोठा प्रश्न, आणि तो एका खुणेवर येऊन ठेपतो.

आपल्याकडं याहून थोर उदाहरण आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, जे सांगतो त्यातलं 'तत्त्वमसि' हे महावाक्य. शंकराचार्यांनी त्याचा अर्थ 'ते तू आहेस' असा घेतला. जीव आणि ब्रह्म एकच. त्या महावाक्याच्या लगेच आधी 'आत्मा' हा शब्द आहे, आणि तो आकारानं संपतो. संस्कृतात 'आ'पुढं 'अ' आला तर दोन्ही मिळून 'आ'च होतो. म्हणजे त्या जागी एक 'अ' दडलेला असू शकतो आणि कानाला किंवा डोळ्याला तो कळणारच नाही. मध्वाचार्यांनी म्हटलं, आहे, दडलेला आहे. ते 'अतत्' आहे. 'ते तू नाहीस.' जीव वेगळा, ईश्वर वेगळा. अक्षरं तीच, क्रम तोच, उच्चार तोच, एक जागा मोकळी सोडली की अद्वैत आणि दुसरीकडं सोडली की द्वैत. हिंदुस्थानातल्या दोन मोठ्या दर्शनांच्या मधोमध एका अवग्रहाएवढी जागा आहे, आणि ती ऋषींनी मोकळी सोडली आहे.

आता हेच उपनिषद इंग्रजीत वाचा. मॅक्स म्युलर यांचं भाषांतर १८७९ साली आलं. 'आत्मा'साठी त्यांनी 'सेल्फ' शब्द घेतला आणि पहिलं अक्षर कॅपिटल केलं. पुढच्या पुष्कळ भाषांतरकारांनी तीच वाट धरली. परमात्मा असेल तिथं मोठा एस, देहात अडकलेला जीव असेल तिथं लहान एस. निवृत्तीनंतर मी हे सावकाश वाचायला घेतलं तेव्हा पहिल्यांदा फार सोपं वाटलं. मग ध्यानात आलं की सोपं का वाटतंय. हा आत्मा कुठला, माझ्यातला की सगळ्यांतला, हा तर प्रश्न होता. श्वेतकेतूला तो प्रश्न घेऊन बसायचं होतं. भाषांतरकाराला दर ओळीला ठरवावंच लागलं, कारण त्याच्या लिपीत न ठरवता लिहिताच येत नाही. ज्या प्रश्नासाठी आपल्याकडं माणसं घरदार सोडून गेली त्याचं उत्तर शब्दाच्या पहिल्याच अक्षरात आलं होतं. मी भाषांतरकारांना दोष देत नाही. कँडीसाहेबांच्या ठिपक्यांशिवाय मला हा लेखसुद्धा लिहिता आला नसता. पण भाषेनं जे उघडं ठेवलं आहे ते लिपीनं बंद केलं तर वाचणाऱ्याला ते कळायला हवं, एवढं मला आग्रहानं वाटतं.

म्हणून मी त्या मुलीला परत बोलावून काय सांगायचं ते चार दिवस मनात घोळवत होते. नियम सोडून दे, असं मी सांगणार नव्हते. ज्या टेबलावर तिचा कागद जाणार होता तिथं मी नसणार, तिची आजी नसणार, गावाची कहाणी सांगायला कुणी नसणार. तिथं तिचा आवाज म्हणजे तिचे ठिपके आणि तिची अक्षरं. एक कॅपिटल चुकला की वाचणारा तिला अडाणी समजेल, आणि तिच्या देवाबद्दल काहीच समजून घेणार नाही. नियम तिच्या बाजूनं उभे राहायला हवे होते. मात्र हा नियम एका विशिष्ट धर्माच्या लोकांनी, त्यांच्या एका देवाकडं बघत बनवला, आणि त्यात आपला देव लहान आहे असं कुठंही सिद्ध होत नाही, हे तिला कळणंही तितकंच जरुरीचं होतं.

गुरुवारी ती आली तेव्हा मी हे सगळं जमेल तेवढं सांगितलं. शांतीचं उदाहरण दिलं, मोडीतल्या शिक्क्याचं सांगितलं, आत्म्याच्या कॅपिटल एसचंही सांगितलं. रिक्षावाले लिहिणं थांबवून ऐकत होते. मग मी विचारलं, "तुमचा देव म्हणजे नेमका कोण गं?"

"गावदेवी."

"मग तू 'गॉड' का लिहिलंस? देवी असेल तर 'गॉडेस' लागेल."

ती जरा गोंधळली. मराठीत 'आमच्या गावाचा देव' म्हणताना ती देवी आहे याची तिला अडचण वाटली नव्हती. देव म्हणजे देव. इंग्रजीनं तिला आधी विचारलं एक की अनेक, आता विचारत होतं पुरुष की स्त्री. तिनं वही ओढून घेतली आणि खोडरबर मागितला.

बराच वेळ ती लिहीत होती. मावशींनी मध्ये चहा केला. सात वाजता वही माझ्यापुढं आली.

'गॉड' शब्द पुसून टाकलेला होता. त्या जागी तिनं 'गावदेवी' असंच लिहिलं होतं, इंग्रजी अक्षरांत, कॅपिटल जीनं. "नाव आहे ना बाई, विशेषनाम. विशेषनाम कॅपिटलच," ती म्हणाली. मी मान हलवली. पुढं वाचलं. आधीचं एक लांबलचक वाक्य होतं, 'आणि'ला 'आणि' जोडत गेलेलं. ते तिनं तोडलं होतं. आता तिथं चार लहान वाक्यं होती. ती आम्हाला भरतीपासून राखते. ती गावाच्या वेशीवर बसायची. ती आमच्याबरोबर वडघरला आली. ती अजून आमची आहे. चारही वाक्यं 'शी' या शब्दानं सुरू होत होती, आणि चारही 'शी' कॅपिटल एसचे होते.

मी तिच्याकडं पाहिलं.

"वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत ना."

चारही वाक्यांपुढं ठिपके नीट दिलेले होते. लाल पेन मी टोपण लावून बाजूला ठेवलं आणि सातवी ओळ वाचायला घेतली.